दोन बोटांवर अडलेली रेघ

सोमवार, ८ डिसेंबर

स्नेहल, ही वही वाचायला घेशील तेव्हा आधी चष्मा शोध. डोक्यावर असेल. आज जाताना काय काय विसरलीस ते ऐक. मोबाइलची वायर विसरलीस. भाकरीचा डबा ओट्यावर विसरलीस, तो कुत्र्यानं खाल्ला. आणि ड्रमावर सूचनांचे चार कागद चिकटवून गेलीस, म्हणजे तुझ्या आजीला वाचता येत नाही हेही सत्तावीस वर्षांत विसरलीस.

म्हणून ही वही. मी सांगते, तुझी आई लिहिते. हेमलता दहावी झालेली आहे. मी बोलते गावचं आणि ती लिहिते शाळेचं. तिला हे काम पसंत नाही. दारूच्या ड्रमाची वही लिहायला मी या घरात आले नाही, असं तिचं तोंड सांगतंय. लिही गं, तोंडाचं पण लिही.

तू विसरशील म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. पावसाळ्यात हिंजवडीच्या कंपनीनं तुला घरी बसवलं. त्याआधी दोन वर्षं तू रोज संध्याकाळी घरी यायचीस, ताटावर बसायचीस आणि भिंतीकडे बघत घास चिवडायचीस. नोकरी गेल्यावर तू गोठ्यात बिअर करायला शिकलीस आणि जेवायला लागलीस. मी एवढंच बघते. आता हिंजवडीतच दुसरी नोकरी आलीय, तिच्या शिकवणीसाठी तू साडेतीन आठवडे हैदराबादला गेलीस. तुझ्या बापानं, भिवाजीनं, सांगितलंय की अकरा जानेवारीला सूसचा तो बिअरच्या कारखान्यावाला दिग्विजय येऊन ही कडक बिअर चाखेल. त्यानं कामावर घेतलं तर तुझ्या मनासारखं. नाहीतर गुमान कंपनीत.

म्हणजे ड्रम बिघडला की तू पुन्हा भिंतीकडे बघणार. ड्रम माझ्या ताब्यात आहे.

कागद हेमलतानं वाचून दाखवले. झाकणात वाकडी नळी, नळीत पाणी, त्यातून बुडबुडे येतात तोवर आतलं जितं आहे. खालच्या नळातून उंच ग्लासात थोडी काढायची आणि काचेची कांडी सोडायची. गोडी जास्त असली की कांडी वर तरंगते, गोडी सरत जाईल तशी खाली बसते. मला आकडे कळत नाहीत, म्हणून कांडी जिथवर बुडायला हवी तिथं हेमलताकडून लाल रेघ मारून घेतली. नखाला लावायचा तुझा रंग वापरला. तोही विसरून गेली होतीस. आज रेघ बिअरच्या वर चार बोटं उभी आहे.

आणि पोत्यातलं ते मोड आणून वाळवलेलं जव मूठभर कमी दिसलं तर उंदीर झालेत, आधीच सांगून ठेवते.

बुधवार, १० डिसेंबर

ड्रम पिसाळला. सकाळी गोठ्यात गेले तर नळीतून फेस वर येऊन झाकणावरून खाली उतरतोय, आतून गडगड आवाज. म्हैस एका कोपऱ्यात सरकून उभी. वास असा की शेजारची धोंडाबाई कुंपणावरून मान काढून बोललीच.

"साळूबाई, काय आंबवलंय गं?"

"म्हशीचं आंबोण."

"म्हशीची मजा हाय मग."

खोटं नाही बोलले. बिअर गाळून उरलेला चोथा म्हशीनं खरंच खाल्ला आणि दूधही वाढलं.

पण उतू जाणारी वस्तू समोर असताना बाईमाणूस गप्प बसेल का? दूध वर आलं की पाण्याचा हबका मारतो. मी ड्रमाला घमेल्यात बसवलं, घमेल्यात आडाचं पाणी ओतलं आणि तीन ओली पोती गुंडाळली. भाजीवाल्या मेथीला गुंडाळतात तशी. हेमलता म्हणाली, "आत्याबाई, कागदावर असलं काय न्हाई." मी म्हणाले, कागद लिहिणारीनं आयुष्यभर दूध उतू जाऊ दिलंय, तिला काय विचारतेस.

शुक्रवार, १२ डिसेंबर

ड्रम निवांत झाला. माझ्या हाताला गुण आहे. पोती रोज दोनदा भिजवते.

काल हेमलताचा मार्गशीर्षातला उपास. घरात घट मांडलेला आणि गोठ्यात हा दुसरा घट. ती दिवसभर गोठ्याच्या दाराशी आली नाही. तिला मी काय बोलणार? तुझा आजा गेणबा प्यायचा. एकदा त्याचं मडकं अंगणात आणून मी जात्याच्या खुंट्यानं फोडलं होतं, सगळ्या आळीनं बघितलं. तीच मी आता माळ ओढत ड्रमापाशी बसते. माळेचे बारा मणी होईतो एक बुडबुडा येतो. कधी कधी वाटतं गेणबा कुठूनतरी बघून हसत असेल. हसू दे. ही विकायची नाही, झिंगायची नाही, परीक्षेची आहे, असं मी त्याला मनात सांगते. त्याला पटत नसावं.

रविवार, १४ डिसेंबर

माळ पूर्ण एकशेआठ मणी ओढली. बुडबुडा नाही.

कांडी सोडली. रेघ दोन बोटं वर. चाखून बघितली, काकवीसारखी गोड, मागून कडू. परवा सोडली होती तेव्हाही दोन बोटंच होती, मी हेमलताला सांगितलं नव्हतं.

पाण्याच्या टाकीवर चढून तुला फोन लावला, रेंज तिथंच येते. म्हणजे हेमलता चढली, मी खालून ओरडत होते.

"आजी, अडकली वाटतं," तू म्हणालीस. "कडक बिअरचं असं होतं कधी कधी. गार पडलीय का ती? गोठ्यात थंडी किती आहे?"

"हितं कसली थंडी? उकडतंय."

"डिसेंबरात?"

"म्हातारीला उकडतंय."

पोत्यांचं बोलले नाही. त्याचा काय संबंध? तू म्हणालीस, ड्रम गरम ठेव, हलकेच गोल हलव, झाकण उघडू नको. मग दुसरंच काढलंस. "आजी, तुझी ती जाड गोधडी मला देशील? तिकडे थंडी फार असते." तिकडे म्हणजे कुठे? सूसला काय बर्फ पडतो? हेमलता टाकीवरून उतरताना काहीतरी सांगायला लागली, "आत्याबाई, ते सूसचं..." मी म्हणाले, आधी गोधडी काढ, ड्रमाला घालू.

सोमवार, १५ डिसेंबर

पोत्यांवरून गोधडी घातली. गोधडीवरून तुझ्या आजाची घोंगडी. ड्रम आता माझ्यापेक्षा जाड दिसतो.

सकाळपासून नऊ वेळा गोठ्यात गेले. भाजीत मीठ दोनदा पडलं. धोंडाबाईची नजर लागली असेल म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. नुसत्या तडतडल्या. मग हेमलतावर संशय घेतला. तोंडावर विचारलं, तू काही ओतलंस का त्यात? ती लिहिता लिहिता थांबली. मग म्हणाली, "ओतायचं असतं तर सगळंच ओतून दिलं असतं, आत्याबाई." खरं आहे. लिही, खरं आहे.

बुधवार, १७ डिसेंबर

आज विरजण लागलं नाही.

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं, पण तू दही विकत आणणारी, तुला फोड करून सांगते. रात्री दूध विरजून मी भांडं चुलीच्या कडेला ठेवायचं विसरले, खिडकीत राहिलं. सकाळी दूध जसंच्या तसं, गार. भांड्याला हात लावला आणि तोच हात घेऊन सरळ गोठ्यात गेले. घोंगडी काढली, गोधडी काढली, पोत्यांखाली हात घातला. ड्रम आडासारखा थंडगार. मी आठ दिवस त्याला गारठवत होते, आणि वरून गोधडी घालून तो गारठा आत कोंडत होते.

गोधडीचा आतला पदर भिजून कुजकट झालाय. पोती फरफटत उकिरड्यावर नेली.

हेमलता दारात उभी होती. मला वाटलं ती हसेल. हसली असती तर बरं वाटलं असतं.

हे तुला फोनवर सांगणार नाही. इथं लिहून ठेवते, वाचशील तेव्हा वाचशील.

शुक्रवार, १९ डिसेंबर, अमावस्या

पोती काढल्यापासून गोठा उबदार आहे. सकाळी दार उघडलं की आत ऊब आणि तापलेल्या धुळीचा वास. काल दिवसभर दार बंद ठेवलं त्याचा गुण. मला ऊब कोंडायची हातोटी आहे. कोंबडीच्या पिलांच्या खुराड्यातला दिवा मात्र दिसत नाही. हेमलता म्हणते, फुटला. पिलं आता स्वयंपाकघरात टोपलीत आहेत, चिवचिवाटानं जीव गेला.

ड्रम गरम, तरी बुडबुडा नाही. रेघ दोन बोटंच. उद्यापासून तेवीस दिवस उरले.

पुन्हा टाकी, पुन्हा फोन. तू म्हणालीस की आतलं यीस्ट दमलं असणार. त्याच्या भोवती आता इतकी दारू झालीय की नुसत्या उबेनं ते उठत नाही. नवं यीस्ट घालायचं, फ्रिजच्या दारात पुडी आहे. पण थेट ओतायचं नाही.

"का?"

"आजी, एवढ्या कडक दारूत एकदम टाकलं तर ते घाबरून मरतं. आधी उकळून निवलेल्या गुळाच्या पाण्यात उठव. फेस आला की त्यात ड्रममधली बिअर घाल, एकच वाटी. थोड्या वेळानं आणखी एक. त्याला सवय होऊ दे. दोन दिवसांनी तेच विरजण ड्रममध्ये घाल."

विरजण म्हणालीस, तेव्हा मला समजलं. फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "आजी, सगळं नीट झालं ना, तर माझ्या खोलीच्या खिडकीतून द्राक्षाचे मळे दिसतील." सूसला द्राक्षाचे मळे! उंच इमारतींच्या गच्चीवर वेल लावत असतील. पैसेवाल्यांचं काही सांगता येत नाही. हेमलता पुन्हा म्हणाली, "आत्याबाई, ऐका तरी..." मी म्हणाले, तू नुसतं लिही.

शनिवार, २० डिसेंबर

हात तीनदा धुतले, हेमलतालाही धुवायला लावले. नैवेद्याला इतकं सोवळं पाळलं नव्हतं. पातेलं उकळलं, गुळाचं पाणी निवलं, करंगळी बुडवून बघितलं, पुडी सोडली. दुपारी फेस. मग एक वाटी बिअर. फेस बसला. मी पातेल्याशेजारी बसून राहिले. संध्याकाळी पुन्हा फेस आला. दुसरी वाटी.

बसल्या बसल्या एक गोष्ट आठवली. आठवली तशी सांगते.

हेमलता लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची. हळदीचे हात. पूजेच्या दुसऱ्या दिवशी घरात भात लावणीची तीस माणसं होती. मी तिला चुलीपुढे बसवली आणि म्हणाले, भाकरी टाक. माहेरी पाच माणसांचं घर. तिनं तीस माणसांच्या भाकरी टाकल्या, संध्याकाळी ताप चढला, पंधरा दिवस उठली नाही. आम्ही म्हणालो, सून नाजूक मिळाली. कुणी तिला एक एक वाटी घालून सवय केली नाही. मीच नाही केली.

तुझ्या आईचं पेन थांबलंय.

लिही गं.

लिहिते म्हणते, पण डोळ्यात धूर गेलाय म्हणते. चूल विझून तास झाला.

रविवार, २१ डिसेंबर

तिसरी वाटी. चौथी. फेस दरवेळी लवकर येतो. संध्याकाळी झाकण एवढंसं उघडून हेमलतानं पातेलं ओतलं, मी कडेनं धरलं. तिचे हात जास्त स्थिर आहेत. आता माझ्या हातात काही नाही, आणि हेच मला सोसत नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

एक.

चाळीस मण्यांनी दुसरा.

मी ओरडले म्हणून धोंडाबाई धावत आली. "साळूबाई, साप निघाला का?" मी म्हणाले, म्हैस गाभण राहिली. आता हे खोटं निभवायचं कसं ते बघू.

रविवार, २८ डिसेंबर

पंचवीस मण्यांना एक. रेघ एक बोट वर. गोडी कमी झाली, कडू पुढे आलं. मला कडू आवडायला लागलंय की काय, असं वाटून चूळ भरली.

शनिवार, ३ जानेवारी

तू आलीस. काल संध्याकाळी पिशवी ओसरीवर टाकून सरळ गोठ्यात. कांडी सोडलीस, बराच वेळ वाकून बघितलीस. रेघ टेकायला नखभर कमी. तू मला उचललंस. माझं कंबरडं मोडलं असतं. तेव्हा मी पोत्यांचं सांगणार होते. नाही सांगितलं. ही वही पिठाच्या डब्यामागे लपवलीय.

हैदराबादचं विचारलं तर म्हणालीस, "शिकवणी झाली," आणि भिंतीकडे बघितलंस.

रविवार, ११ जानेवारी

दिग्विजय आला. पांढरे बूट, शेणात पाय पडला एकदा. भिवाजीनं खाट टाकली. तू ग्लासात काढून दिलीस, काळसर लाल. त्यानं वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. मी त्याच्या गळ्याची घाटी बघत होते. खाली गेली, वर आली. बोलेना. बाईचं बाळंतपण एवढं लांबत नाही.

"अजून तीन महिने मुरायला हवी," तो म्हणाला. "पण अडकून राहिलेल्या बिअरची गोडी नाही हिच्यात. स्वच्छ उतरलीय. मध्ये अडकली होती म्हणालीस ना? कुणी सोडवली?"

"आजीनं," तू म्हणालीस.

त्यानं मला हात जोडले. "मग आजी, पुढच्या सोमवारपासून हिला नाशिकला पाठवा. राहायची सोय तिथं कारखान्यातच आहे."

"नाशिक?" मी म्हणाले. "तुमी सूसचे ना?"

"राहायला सूसला. कारखाना नाशिकला."

भिवाजी हसत होता. तू माझ्याकडे बघत नव्हतीस. मी म्हणाले, चहा ठेवते, आणि गोठ्यात जाऊन बसले.

हेमलता मागून आली. आमच्यात झालं ते जसंच्या तसं लिही म्हणून मी तिला सांगितलंय.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय. चारदा सांगाया गेले. तुमी म्हणायच्या, नुसतं लिही."

"पिलांचा दिवा फुटला न्हवता."

"न्हाई. ड्रमामागं लावला व्हता. तुमी उठायच्या आधी काढून ठेवायचे."

"अगं, ड्रम अडलेलाच राहिला असता तर पोर हिंजवडीत राहिली असती. रोज सांजच्याला घरी आली असती."

"आली असती," ती म्हणाली. "आन् जेवली नसती."

म्हैस रवंथ करत होती. नळीतून बुडबुडा आला, किती मण्यांनी ते मोजलं नाही.

रविवार, १८ जानेवारी

तू उद्या जाणार. ही वही तुझ्या पिशवीत कपड्यांच्या तळाशी घालणार, म्हणजे पोचल्यावर सापडेल. चष्मा डोक्यावर आहे.

आठवडाभर मला एकच गोष्ट छळतेय. नाशिकचं आधीच कळलं असतं तर मी ती ओली पोती काढली असती का? मी हेमलताला विचारलं. ती म्हणाली, काढली असती. मला खात्री नाही. तिला माझ्याबद्दल खात्री आहे, हे मला या वयात नवीनच कळतंय. पोती मी घातली होती हे आता तुला कळलंच. रागावायचं तर तिथूनच रागाव, फोनची रेंज टाकीवर आहे आणि मी चढत नाही.

गोधडीचा आतला पदर कुजला होता, तो हेमलतानं काढून तिच्या हळदीच्या लुगड्याचा लावलाय. ती गोधडी आता हेमलता तुला देतेय, आणि मला न विचारता. ड्रम इथंच राहू दे, तीन महिने मुरू दे, आम्ही दोघी बघतो. तुझ्या आईनं काल पहिल्यांदा चाखली. तोंड वाकडं केलं आणि ग्लास काही लगेच खाली ठेवला नाही.

पिशवीत कारळ्याच्या चटणीची बरणी आहे. आपल्यात भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, हे विसरू नको. चिवडा नको, द्राक्षं तर नकोच, माझे सात दात आंबतात. त्या कारखान्यातलं मोड आणून वाळवलेलं जव भरून पाठव, महिन्याच्या महिन्याला, एस.टी.नं पौडच्या स्टँडवर. काळं करपवलेलं नको, लालसर गोड असतं ते. इथल्या उंदरांना त्याची सवय लागलीय.